ऑर्किडची मुळे रंग का बदलतात?

पतंगासारख्या फुलांचे फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड घरी दगावते ते बहुधा जास्त पाण्याने. ही अपिवनस्पती आहे. झाडावर वाढते, पण बांडगुळाप्रमाणे त्याचा रस शोषत नाही. तिच्या मुळांवर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. कोरड्या थरात हवा असते, म्हणून मूळ चंदेरी दिसते. पाणी शोषताच थर पारदर्शक होतो आणि आतले हरितद्रव्य दिसू लागते. आम्ही तर पाण्याची वेळ मुळांनाच विचारतो : चंदेरी झाली की घालायचे.

मातीत या मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. म्हणून कुंडीत सालीचे तुकडे घालावेत. दोनेक वर्षांत सालही कुजून दाटते. तेव्हा फुले गळल्यावर कुंडी बदलावी. मऊ, तपकिरी मुळे कापावीत, टणक राखावीत. आंब्यावर सीतेची वेणी असेल, तर तिच्या कोरड्या मुळावर विद्यार्थ्यांना पाण्याचा थेंब टाकायला सांगावे.