निशिगंधाच्या कंदांचे स्थलांतर : काळ आणि पद्धती

निशिगंध अथवा गुलछडी ही मूळची मेक्सिकोतील बहुवर्षायू कंदवर्गीय वनस्पती होय. एका लागवडीपासून साधारणतः ३ वर्षे फुले घेतली जातात. पुढे मात्र पाने दाट आणि फुलांचे दांडे तुरळक, अशी वाफ्याची अवस्था होते. खत कमी पडले, असा निष्कर्ष अशा वेळी घाईने काढला जातो. वास्तविक कारण कंदाच्या वाढीतच आहे. प्रत्येक कंद एकदाच फुलतो व त्याच्याभोवती नवे उपकंद निर्माण होतात. कालांतराने त्यांचा घट्ट गड्डा बनतो आणि जागेच्या व अन्नाच्या स्पर्धेत बहुतेक उपकंद फुलण्याइतके पोसलेच जात नाहीत.

बहर संपून पाने पिवळी पडू लागली की प्रथम पाणी तोडावे. महाविद्यालयीन उद्यानांत नेमके हेच घडत नाही. शेजारच्या हिरवळीसाठी पाणी बारमाही चालूच असते! पाने सुकल्यावर गड्डे खणून उपकंद अलग करावेत व महिनाभर सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवावेत. ओल्या कंदांचे ढीग रचल्यास ते कुजतात. लागवडीस १.५ ते ३ सें.मी. व्यासाचे टणक कंद निवडावेत. त्याहून लहान कंद निराळ्या वाफ्यात पोसावेत. महाराष्ट्रात मार्च ते मे या काळात, सुमारे ५ ते ६ सें.मी. खोलीवर ते लावावेत. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत गादीवाफा आवश्यकच समजावा. उगवण होईपर्यंत पाणी बेतानेच द्यावे.