पाठपट्टीच्या धनुष्यासाठी लाकडाची निवड

पाठपट्टीचे धनुष्य म्हणजे कठीण लाकडाच्या फळीवर, धनुर्धराच्या विरुद्ध दिशेला असलेल्या बाजूस, बांबूची किंवा दुसऱ्या चिवट पदार्थाची पातळ पट्टी चिकटवून बनवलेले लांब धनुष्य होय. अशा धनुष्यासाठी फळी निवडताना लाकडाच्या जातीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व त्यातील तंतूंच्या दिशेला असते. महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा असून दक्षिण भागात अजिंठ्याचे डोंगर आहेत. येथील शुष्क पानझडी वनांत व शेताच्या बांधांवर या कामी येणारी अनेक झाडे आढळतात.

पार्श्वभूमी

मध्य भारतातील भिल्ल समूहांचा पारंपरिक तीरकामठा मुख्यतः बांबूचा असतो. त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्या चिवाटीची असते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके सातपुड्याला लागून असून तेथे भिलाला, कोरकू व निहाल समाजाची वस्ती आहे. आधुनिक स्पर्धांमधील धनुष्ये धातू व कृत्रिम तंतूंची असतात. बुलढाण्याचे प्रथमेश जवकार यांनी २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते चाकांच्या कंपाउंड धनुष्यावर. भारतातील ‘इंडियन राउंड’ या स्पर्धाप्रकारात मात्र आजही बांबूचे व लाकडाचे धनुष्य वापरले जाते.

पाठ आणि पोट

धनुष्याची लक्ष्याकडील बाजू म्हणजे पाठ आणि धनुर्धराकडील बाजू म्हणजे पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते व पोट दाबले जाते. साध्या फळीच्या धनुष्यात पहिली चीर बहुधा पाठीवर पडते, कारण करवतीने तेथील तंतू मध्येच कापलेले असतात. बांबूच्या सालीलगतचे तंतू अखंड व ताण सहन करणारे असल्याने पट्टी हा धोका कमी करते.

पोटावरील दाब मात्र पट्टीमुळे कमी होत नाही. पट्टी फार जाड असेल तर तो उलट वाढतो. मऊ लाकडाच्या पोटावर आडव्या सुरकुत्या पडतात, धनुष्य कायमचे वाकते आणि बाण मंद सुटतो. म्हणून फळी निवडताना दाब सोसण्याची क्षमता आणि तंतूंचा सरळपणा या दोन गोष्टी पाहिल्या जातात.

इंग्लंडच्या यू लाकडाच्या लांब धनुष्यात हीच योजना एकाच खोडात साधते. ताण सोसणारे बाहेरचे रसकाष्ठ पाठीला आणि दाब सोसणारे आतले मध्यकाष्ठ पोटाला येते. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या अवशेषांत अशी शंभराहून अधिक धनुष्ये सापडली.

तंतूंची दिशा

तंतू फळीच्या कडेशी जितके तिरके, तितकी तिची वाकण्यातील ताकद कमी. तंतू २० सेंमी लांबीत १ सेंमी सरकत असतील तर ताकद सुमारे ७ टक्क्यांनी घटते, १० सेंमीत १ सेंमी सरकल्यास सुमारे १९ टक्क्यांनी आणि ५ सेंमीत १ सेंमी सरकल्यास सुमारे ४५ टक्क्यांनी. त्यामुळे २० सेंमीत १ सेंमीपेक्षा अधिक तिरकेपणा असलेली फळी टाळणे इष्ट ठरते.

वखारीत फळीची तपासणी पुढीलप्रमाणे करता येते :

* रुंद बाजू आणि कड या दोन्हींवरील रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात का, हे पाहावे. रुंद बाजूवर कमानीसारखी नक्षी असेल तर वलये तेथे कापली गेलेली असतात.
* वलयांच्या रेषा आणि तंतू यांची दिशा नेहमी एकच नसते. लाकडावरील बारीक छिद्रांच्या लांबट रेघा तंतूंची खरी दिशा दाखवतात. शाईचा थेंब टाकल्यास तोही तंतूंच्या दिशेने पसरतो.
* त्याच फळीचा उरलेला तुकडा छिन्नीने फोडून पाहावा. फुटलेला पृष्ठभाग सपाट हवा. तो पिळवटलेला असल्यास तंतू गुंतलेले असतात.
* मुठीचा भाग वाकत नसल्याने तेथील लहान गाठ चालते. वाकणाऱ्या दोन्ही भुजांत गाठ, चीर किंवा किडीचे भोक नसावे.

स्थानिक लाकडे

धामण (ग्रेविया टिलिफोलिया) : या नावाचा साप व गवतही आहे, पण येथे वृक्ष अभिप्रेत आहे. लाकूड लवचिक व चिवट असून अवजारांचे दांडे व कावडी यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘धनुर्वृक्ष’ हे त्याचे संस्कृत नाव त्याचा जुना उपयोग सांगते.

तिवस : जड व चिवट. गाड्यांची चाके व शेतीची अवजारे यांसाठी वापरले जाते.

बाभूळ : शेताच्या बांधावर सहज मिळते आणि दाब चांगला सोसते. खोड वाकडे व गाठाळ असल्याने लांब, सरळ फळी मात्र क्वचित निघते.

शिसम : घनता दर घनमीटरला सुमारे ७८० किलो. तंतू गुंतलेले असण्याची शक्यता तपासावी लागते.

साग : घनता सुमारे ६५० किलो. सरळ फळी सहज मिळते, पण पट्टी पातळ ठेवावी लागते. लाकूड तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग ताजा रंधून द्रावकाने पुसतात.

अंजन : घनता १,००० किलोहून अधिक. फार जड असल्याने भुजांची टोके बारीक न केल्यास बाणाचा वेग घटतो.

ओलावा आणि मापे

सुमारे ७० सेंमी ओढीच्या धनुष्यासाठी १७५ ते १८० सेंमी लांब, ४ ते ५ सेंमी रुंद व २ सेंमी जाड फळी पुरते. भुजेचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्क्यांनी वाढली की ताठपणा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून घडण रंध्याने संपवत नाहीत, शेवटी लाकूड थोडे थोडे खरवडतात.

लाकडातील ओलावा ८ ते १० टक्के असावा. जिल्ह्यातील कोरड्या उन्हाळ्यात लाकूड अतिशुष्क होऊन तडकते, तर पावसाळ्यात ओलावा शोषून लवकर वाकते. सावलीत ठेवलेल्या फळीचे वजन दर आठवड्याला करावे. ते स्थिर झाले की फळी तेथील हवेशी जुळली असे समजतात. बांबूची पट्टीही तितकीच सुकलेली असावी.

पट्टीसाठी जाड परिघाचा कटांग बांबू सोयीचा असतो, कारण त्याची चिरफळी बरीच सपाट येते. बाहेरची साल रंधत नाहीत, जाडी आतल्या बाजूनेच कमी करतात.

कायदेशीर बाजू

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, तिवस व अंजन यांचा समावेश आहे. हे वृक्ष स्वतःच्या शेतात असले तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते. ज्ञानगंगा व अंबाबरवा अभयारण्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला, तथापि वनातील बांबू वनोपजच मानला जातो. एका धनुष्याला एकच अरुंद फळी लागत असल्याने, वखारीतील परवानाप्राप्त लाकूड किंवा जुन्या घराच्या निरोगी, सरळ तुळया हा अधिक योग्य पर्याय ठरतो.