माझ्या सायकलीची दवंडी

पोलीस चौकीतल्या हवालदारांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि एम. ए. झालेला, वीस वर्षे वर्गात उभा राहून दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा मी त्यांच्यापुढे मुका झालो.

"फ्रेमचा नंबर काय, सर?"

सायकल माझी. दीड वर्ष जवळजवळ रोज सकाळी मी तिच्यावर बसत होतो. तिने मला खडकवासल्याला किती वेळा नेले, कुठल्या चढावर माझा वेग किती उतरला, माझ्या काळजाचे ठोके मिनिटाला १५८ पर्यंत कोणत्या तारखेला चढले, हे सारे मी खिशातला फोन काढून त्याच क्षणी सांगू शकलो असतो. खरे म्हणजे सांगायला सुरुवातही केली होती. पण तिच्या अंगावर कारखान्याने कोरलेला जो एक नंबर, तो मी कधी पाहिलाच नव्हता.

"मग मिळाली तर ती तुमचीच, हे ओळखायचं कसं?"

"निळी आहे," मी म्हणालो.

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली आणि माझ्यासाठी चहा मागवला. माणूस सज्जन होता. चोरीचे ते प्रसिद्ध ३७९ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३०३ झाले आहे, एवढे नवे ज्ञान आणि तक्रारीची प्रत घेऊन मी घरी परतलो.

आता ही सायकल माझ्या आयुष्यात आली कशी, ते थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेकडे बोट दाखवले आणि "खुर्ची सोडा" असा सल्ला दिला. आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याने सायकल सुचवली, आणि सायकलीबरोबर एक ॲपही फोनमध्ये घालून दिले. तुम्ही निघालात की ते ॲप नकाशावर रेघ ओढू लागते. थांबलात की अंतर, वेळ, चढ, घाम सगळ्याचा हिशेब मांडते आणि तो चारचौघांना दाखवते. चारचौघे अंगठा उचलून शाबासकी देतात. वाचकहो, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला शाबासकी कोण देतो? विद्यार्थी देत नाहीत, प्राचार्य तर नाहीतच, आणि घरी काय परिस्थिती असते ते आपण जाणताच. तेव्हा त्या अंगठ्यांची मला चटक लागली, हे कबूल करतो.

मग मी हात आखडता घेतला नाही. 'आपली सायकल कोणती?' असे ॲपने विचारले, मी कंपनी आणि मॉडेल दोन्ही भरले. नवी कोरी सायकल आमच्या इमारतीच्या फाटकाशी उभी करून तिचा फोटो टाकला. कुणीतरी किंमत विचारली, तीही लिहिली: बेचाळीस हजार. मनात कुठेतरी असे होते की, मराठीचा प्राध्यापकही इतकी महाग सायकल घेऊ शकतो हे लोकांना कळावे.

श्रावणातल्या एका शनिवारी आम्ही आईला भेटायला साताऱ्याला गेलो. रविवारी सकाळी मी अजिंक्यतारा चढलो, अर्थात् ॲप चालू ठेवून, आणि वरून दिसणाऱ्या शहराच्या फोटोसह ती रेघ लगेच जगापुढे ठेवली. सोमवारी पुण्याला आलो तो पार्किंगमध्ये कापलेली वायर पडलेली. नंबराचे कुलूप मात्र तसेच बंद होते; इतके प्रामाणिक की, त्याची कीव यावी. शेजारी आणखी दहा सायकली होत्या. एकीलाही हात लागला नव्हता.

"अहो, बाकीच्या दहांची तुम्ही कुठे जाहिरात केली होती?" सौ. म्हणाली. ती सहज बोलून गेली, पण मी जागच्या जागी खिळलो.

त्या रात्री आमच्या मुक्ताने, म्हणजे मुलीने, स्वतःच्या नावातून बाहेर पडून, एखाद्या परक्या माणसासारखे माझे पान उघडले. पडद्यावर दोनशेच्या वर रेघा होत्या. सिंहगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या, बोपदेव घाट चढणाऱ्या, नदीकाठाने वळणाऱ्या. आणि त्या सगळ्या, रिळावरचे धागे एका गाठीशी यावेत तशा, एकाच ठिकाणी येऊन संपत होत्या. ते आमचे फाटक. निघण्याची वेळ ५.५०, परतण्याची ७.१५. आणि सर्वांत वरची ताजी रेघ साताऱ्याची. मालक घरापासून शंभरावर किलोमीटर दूर आहेत, असे त्या पानाने चोराला लेखी कळवले होते. पूर्वी गावात दवंडी पिटायला निदान ढोलवाला लागे.

चोराने ते पान पाहिले होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. हवालदारांच्या मते गिअरच्या सायकली हेरून उचलणारी टोळी असावी. तिला माझ्या काळजाच्या ठोक्यांशी काय कर्तव्य? पण इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या एका गृहस्थांच्या गॅरेजमधून २०१५ साली दोन सायकली गेल्या, तेव्हा त्यांना असाच संशय आला होता, हे मी नंतर वाचले. वाचत गेलो तसा मी सायकल विसरलो, इतक्या मोठमोठ्या माणसांची या रेघांनी फजिती केली आहे.

स्ट्राव्हा नावाचे याच प्रकारचे एक अमेरिकन ॲप आहे. २००९ साली ते निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये या कंपनीने जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात शंभर कोटी फेऱ्यांच्या रेघा एकत्र करून चकाकत ठेवल्या होत्या. नाव कुणाचेच नव्हते. मोठी शहरे दिव्यांसारखी उजळलेली, वाळवंटे काळीकुट्ट. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, अफगाणिस्तान-सीरियाच्या त्या अंधारात मधूनच छोटे छोटे चौकोन लकाकताहेत. ते लष्करी तळ होते! सैनिक बिचारे कुंपणाच्या आतून सकाळी धावत, आणि त्यांच्या मनगटांवरची घड्याळे तळाचा आराखडा काढून ठेवीत. त्याच वर्षी पोलार या कंपनीच्या नकाशावरून पत्रकारांनी सैनिकांची आणि गुप्तहेरांची घरे शोधून दाखवली; कंपनीला तो नकाशा बंद ठेवावा लागला. २०२४ च्या ऑक्टोबरात 'ल मोंद' या फ्रेंच दैनिकाने तर राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या धावण्यावरून राष्ट्राध्यक्ष कुठे उतरणार याचा माग काढला. आणि जुलै २०२३ मध्ये रशियातल्या क्रास्नोदार शहरी एका पाणबुडीचा माजी कप्तान सकाळी धावताना गोळ्या घालून मारला गेला. तो आपल्या फेऱ्या स्ट्राव्हावर उघड टाकीत असे; मारेकऱ्याने त्यावरूनच त्याची वाट हेरली असावी, असे तिकडच्या वृत्तपत्रांनी लिहिले.

मी कप्तान नाही. पण सकाळी ठरल्या वेळी ठरल्या रस्त्याने जाणारे आमच्या घरात आणखी एक माणूस आहे. मुक्ता रोज धावायला जाते. हा विचार मनात आला आणि मी बाप या नात्याने आवाज चढवला. "आधी तुझं ते ॲप दाखव! सगळं बंद करून टाक!"

"बाबा, माझं दोन वर्षं बंदच आहे," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या फेऱ्या फक्त मला दिसतात. कॉलेजात एकानं 'रोज सव्वासहाला पुलावर असतेस ना?' म्हणून विचारलं, त्या दिवशीच बंद केलं."

हे ती आम्हांला बोलली नव्हती. मी सौ.कडे पाहिले, तिलाही ठाऊक नव्हते.

"पण रविवारी आपण दोघं बरोबर निघतो. तुम्ही फोटो टाकता, खाली माझं नाव घालता. मी कितीही लपवलं तरी घर एकच आहे ना?"

मी फोन पालथा घातला. सायकल गेल्याच्या रात्री मला झोप आली होती. त्या रात्री आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे ॲप घेऊन बसलो. या सोयी तिथे आधीपासून होत्या, फक्त मी कधी त्या दालनात शिरलो नव्हतो. बहुतेक अशा ॲपांत 'गोपनीयता' या सदराखाली आपल्या फेऱ्या कुणाला दिसाव्यात ते ठरवता येते: सगळ्यांना, आपल्या अनुयायांना, किंवा फक्त स्वतःला. माझे अनुयायी ३४०. त्यांतले मला ओळखीचे जेमतेम तीस. बाकीच्यांना निरोप दिला. जुन्या नोंदींना मात्र अनेकदा वेगळा हुकूम द्यावा लागतो. नवा नियम पुढच्या फेऱ्यांनाच लागू होतो आणि मागच्या दोनशे तशाच उघड्या राहतात. मुक्ताने सांगितले नसते तर मी तिथेच फसलो असतो.

घर झाकण्याचीही सोय असते. पत्ता द्यायचा, म्हणजे त्याच्याभोवतीच्या काही शे मीटरांच्या वर्तुळातली रेघ इतरांना दिसत नाही. मला हे फार पसंत पडले. पण इथे शाळेतली भूमिती आडवी येते. घर वर्तुळाच्या मध्यावर. म्हणजे प्रत्येक रेघ परिघावर तुटणार. तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी तुम्ही गेलात की तीन तुटके बिंदू मिळाले, आणि तीन बिंदूंतून जाणारे वर्तुळ एकच काढता येते. कंपास टेकवा, मध्य सापडला! अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दोन कोटींहून अधिक फेऱ्या तपासून दाखवले की, बऱ्यापैकी नियमाने ॲप वापरणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांपर्यंत लोकांची लपवलेली जागा अशी काढता येते. पुढे २०२२ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या मंडळींनी दुसरी फट दाखवली: रेघ झाकली तरी एकूण अंतराचा आकडा पूर्णच छापला जातो. त्यातून दिसणारे अंतर वजा करा, उरलेले त्या भागातल्या रस्त्यांवर मोजा.

मराठीच्या माणसाला इथे महानुभाव आठवल्यावाचून राहात नाहीत. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधून शतकानुशतके झाकून ठेवले. पण शेवटी राजवाडे भेटलेच.

तेव्हा आमच्या घरात आता एक साधी पद्धत पडली आहे. ॲप फाटकाशी चालू करायचे नाही. चांगले अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे गेल्यावर, रोज निराळ्या चौकात, बटण दाबायचे. परतताना तसेच आधी बंद करायचे. जी रेघ काढलीच नाही ती कुठल्या विद्यापीठाला सापडणार? शिवाय सर्व फेऱ्यांची दोन्ही टोके झाकण्याचे बटण आहे, तेही दाबले. परगावची फेरी घरी आल्यावरच टाकायची. आणि सायकलीच्या रकान्यात आता कंपनीचे नाव नसून नुसते 'घोडे' असे आहे.

कुलपांविषयी दुकानदाराने माझी शाळा घेतली. ती बारीक वायर साध्या कटरने कापता येते. आपल्या वडिलांच्या वेळचे मागच्या चाकावरचे गोल कुलूपही एकटे पुरत नाही; चोर हलकी सायकल उचलून खांद्यावर टाकतो. यू आकाराचे पोलादी कुलूप घ्यावे, आणि ते फ्रेम व चाक दोन्हींना कवेत घेऊन जमिनीत रोवलेल्या खांबाला लावावे. पुढचे चाक खटक्याने निघणारे असेल तर त्याची वेगळी व्यवस्था करावी. हे यू कुलूप क्रिप्टोनाइट कंपनीने १९७० च्या दशकात अमेरिकेत प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये अशी एक सायकल महिनाभर रस्त्यावर ठेवली, तेव्हा चोरांनी सुटे भाग नेले पण फ्रेम हलली नाही, असे सांगतात. आणि याच कंपनीच्या काही कुलपांचे गोल किल्लीचे भोक २००४ साली बॉलपेनच्या नळीने उघडते असे निघाले! मी तरीही यू कुलूप घेतले, चपट्या किल्लीचे.

पण हवालदारांचा प्रश्न काही मनातून जाईना. मी वर्गात चित्रपटांविषयीही बोलतो. द सीकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' हा १९४८ चा. १९५२ साली मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला होता. त्यातला अंतोनियो रोमच्या बाजारात आपली सायकल शोधत फिरतो. एकजण फ्रेम रंगवीत बसलेला असतो. अंतोनियो नंबर दाखवायचा हट्ट धरतो, पोलिसाला बोलावतो. नंबर जुळत नाही. हे दृश्य मी कित्येकदा समजावून सांगितले आहे: त्याची हताशा, मुलाचा चेहरा, पाऊस. त्या अर्धपोटी माणसाला आपला नंबर माहीत आहे, याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते.

गणपतीला साताऱ्याला गेलो तेव्हा आईने वडिलांच्या डायऱ्यांची पेटी काढली. १९७९ च्या डायरीत, मार्च महिन्यात, त्यांच्या कारकुनी वळणदार अक्षरात नोंद होती: हर्क्युलिस घेतली. खाली फ्रेमचा नंबर. त्याखाली नगरपालिकेच्या बिल्ल्याचा. त्याखाली कुलपाच्या किल्लीचा. ती सायकल एकोणीस वर्षे आमच्याकडे होती. ते कुठे जातात, किती वाजता परततात, हे मात्र आईखेरीज कुणालाही माहीत नसे. कधी कधी आईलाही नसे, असे ती म्हणाली.

डायरी मी पुण्याला घेऊन आलो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एक वापरलेली सायकल घेतली, चौदा हजारांना. पैसे मोजण्यापूर्वी विकणाऱ्या गृहस्थांकडे मूळ पावती मागितली. माझ्याच निळीसारखी दुसऱ्या कुणाची उचललेली आपल्या दारी येऊ नये, एवढाच हेतू. त्यांना राग आला नाही, पावती निघाली. घरी आल्यावर पार्किंगमध्ये तिला उलटी केली. पायडलांच्या सांध्याखाली, फ्रेमच्या पोटाशी, ग्रीस आणि धुळीचा थर होता. मुक्ताने बॅटरी धरली, मी वडिलांची डायरी मांडीवर घेऊन त्यांच्या नोंदीच्या खाली लिहू लागलो. ती एकेक अक्षर वाचत होती. मध्येच थांबली.

"बाबा, हा आठ आहे की इंग्रजी बी?"

"नीट बघ."

तिने नखाने ग्रीस खरवडले, फुंकर मारली, आणि बॅटरी आणखी जवळ नेली.

"आठच आहे. लिहा."