विकासपूर्व अभिलेख संशोधन (बुलढाणा जिल्हा)

विकासपूर्व अभिलेख संशोधन म्हणजे धरण, रस्ता, कालवा यांसारखे बांधकाम सुरू होण्यापूर्वी त्या जागेचे पुरातत्त्वीय व ऐतिहासिक महत्त्व जुन्या कागदपत्रांतून आणि नकाशांतून तपासण्याची पद्धत होय. प्रत्यक्ष पाहणी व उत्खनन कोठे करावे, हे त्यावरून ठरविता येते.

साधने

बुलढाणा जिल्हा वऱ्हाडाचा भाग असल्याने त्याची दप्तरे एकाच ठिकाणी नाहीत. मोगल व निजामी अंमलानंतर 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले आणि 1956 मध्ये विदर्भाबरोबर मुंबई राज्यात समाविष्ट झाले. त्यामुळे फार्सी, मोडी व इंग्रजी कागदपत्रे नागपूर, मुंबई, हैदराबाद आणि दिल्ली येथे शोधावी लागतात.

हेन्री कझिन्स यांनी तयार केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी (1897) आणि जिल्ह्याचे गॅझेटिअर (1910) ही प्राथमिक साधने आहेत. महसुली दप्तरेही तितकीच उपयुक्त असतात. ओसाड पडलेल्या गावांची नोंद त्यांत ‘रिठी’ अशी आढळते. जुन्या वस्तीच्या राखट मातीच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात. गाव नकाशातील अशी नावे जमिनीखालील वस्तीचा माग दाखवू शकतात.

भोन आणि जिगाव प्रकल्प

संग्रामपूर तालुक्यातील भोन हे पूर्णा नदीकाठचे प्राचीन स्थळ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात येथे विटांचा बौद्ध स्तूप आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी उजेडात आल्या. हे स्थळ पूर्णा नदीवरील जिगाव सिंचन प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. सिंचनाची गरज आणि वारशाचे जतन यांतील पेच येथे स्पष्ट होतो. स्थळाचे महत्त्व आराखड्याच्या वेळीच ठाऊक असल्यास भिंत, स्थलांतर अथवा संपूर्ण उत्खनन यांचा विचार करण्यास अवधी मिळतो. नागार्जुनसागर धरणापूर्वी 1954 ते 1960 या काळात नागार्जुनकोंडा येथे विस्तृत उत्खनन झाले व निवडक अवशेष उंचावर हलविण्यात आले.

मर्यादा

जुन्या याद्यांचा भर प्रामुख्याने जमिनीवर दिसणारी मंदिरे, किल्ले व लेण्यांवर असे. मातीखाली गेलेले विटांचे बांधकाम अशा यादीत येईलच असे नाही. म्हणून नोंद नसणे हा अवशेष नसल्याचा पुरावा ठरत नाही. सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून सुपरिचित आहे. तरीही 2024 मध्ये लखुजी जाधव यांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या जतनकार्यात गाडले गेलेले शिवमंदिराचे अवशेष व शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली.

कायदेशीर बाजू

1958 च्या केंद्रीय कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. त्यापुढील 200 मीटर क्षेत्र नियंत्रित असते. राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा 1960 चा कायदा लागू होतो. संरक्षित यादीत नसलेल्या स्थळांना हे कवच आपोआप मिळत नाही. अशा स्थळांसाठी कामापूर्वीचे अभिलेख संशोधन आणि क्षेत्रपाहणी विशेष महत्त्वाची ठरते.

हेसुद्धा पाहा

लोणार सरोवर
सिंदखेडराजा
नागार्जुनकोंडा