ओढतो किती, थांबवतो किती?

गळीत हंगाम सुरू झाला की नागापूर एमआयडीसीवरून राहुरीकडे जाणाऱ्या मनमाड रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. एका हेडमागे, म्हणजे ट्रॅक्टरमागे, दोन ट्रॉल्या, वर दोराने आवळलेल्या मोळ्या. लोणी-प्रवरानगरला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ऊस प्रामुख्याने बैलगाडीतून यायचा. बैल थकले की थांबत. ट्रॅक्टर थकत नाही, म्हणून त्याच्यामागे वजन वाढतच गेलं.

मालक विचारतो, "पन्नास एचपीचा आहे, किती ओढेल?" पण एचपीवरून ट्रॅक्टर किती वेगाने काम करेल एवढंच कळतं. ओढ ठरते मागच्या चाकांच्या पकडीवर, आणि पकड ठरते त्या चाकांवरच्या वजनावर. म्हणूनच मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी चाचणी केंद्रात इंजिनाच्या ताकदीसोबत हुकावरची ओढही वेगळी मोजतात.

समजा, ट्रॅक्टर सव्वादोन टनांचा आहे आणि मागे ट्रॉल्यांसकट 20 टन. शंभर मीटरला पाच मीटर चढ असेल, तर नुसत्या चढासाठी एक टनाची ओढ लागते. टायरचा विरोध धरला की ती दीड टनाजवळ जाते. कोरड्या डांबरावर मागची चाकं जेमतेम एवढंच पकडू शकतात. त्यात ट्रॅक्टर पुढून हलका होतो, स्टेअरिंग ऐकत नाही, प्रसंगी पुढची चाकं उचलली जातात. रस्ता चिखलाचा असेल तर चाकं जागीच फिरतात. मग माणसं चाकाला उटी, म्हणजे अडसर, लावायला धावतात आणि तिथेच जीव जातात.

दोन चाकांच्या ट्रॉलीत ऊस कुठे रचला यालाही महत्त्व आहे. मागे जास्त भरला तर हुक वर ओढला जातो, ट्रॅक्टरची पकड सुटते.

खरी परीक्षा उताराची. इमामपूरच्या घाटासारख्या ठिकाणी चढावर मागे खेचणारा तोच एक टन उतरताना पाठीमागून ढकलतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार हेडच्या ब्रेकवर. जोरात ब्रेक दाबला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला बाजूला दुमडते. वेग वीसवरून तीसवर नेला तर थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते.

अमेरिकेत सुट्टीला पिकअपमागे राहण्याची ट्रॉली जोडून निघणारी कुटुंबं हेच गणित करतात. तिथे बऱ्याच राज्यांत ट्रॉलीचं वजन 3,000 पौंडांपुढे, म्हणजे साधारण 1,360 किलोपुढे गेलं की तिला स्वतःचे ब्रेक सक्तीचे असतात. आपल्याकडे त्याच्या कितीतरी पट ओझं ब्रेकविना रस्त्यावर धावतं, आणि ते मान्य करता येणार नाही.

कायदा आहे. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. पण टनावर मिळणारं वाहतुकीचं भाडं आणि फेरीचं डिझेल यांचा हिशेब जास्त भरायलाच शिकवतो.

कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॅक्टरचं वजन नोंदलं जातंच. नोंदणीपुस्तकातल्या मर्यादेपेक्षा ते जास्त भरलं, तर पुढच्या फेरीला कमी भरायची ताकीद तिथेच द्यावी, आणि हंगामापूर्वी ट्रॉलीला ब्रेक व मागे रिफ्लेक्टर असल्याशिवाय वाहतुकीचा करार करू नये. कारखान्यांच्या संचालक मंडळांनी हे एवढं येत्या हंगामाआधी करावं.