सारखाच पोचा
(लेखमाला ‘हात आणि हत्यार’ : लेखांक ९)

“सर, माझ्या फेंडरला घडी पडलीये. शेजारच्याच्या फेंडरला नुसता खड्डा आहे. मग आमची बरोबरी कशी होणार?”

आयटीआयच्या मुलांसाठी आम्ही बॉडी रिपेअरची स्पर्धा पहिल्यांदा घेतली, तेव्हाची ही गोष्ट. काम सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती आणि एका मुलाने हात वर करून हे विचारलं. मी त्याच्या स्टँडपाशी गेलो. मुलाचं म्हणणं खरं होतं. आदल्या संध्याकाळी ते पोचे मीच पाडले होते. आठ फेंडर, एकच लाकडी हातोडा आणि माझा अंदाज. लांबून बघताना सगळे सारखे वाटले. पण दोन फेंडरवर घाव बॉडी लाइनच्या जवळ बसला होता. ही लाइन म्हणजे पत्रा ताठ राहावा म्हणून कारखान्यात दाबून काढलेली कड. तिच्याजवळ मार बसला की पत्रा नुसता आत जात नाही, कडेसकट दुमडतो. साधा खड्डा अर्ध्या तासात वर येतो. दुमडलेली कड दीड तास खाते. त्या दिवशी आम्ही मुलांची माफी मागितली, तेवढा भाग रद्द केला आणि उरलेल्या कामांवर निकाल लावला.

मागच्या लेखांकात आपण डेंटिंगची हत्यारं पाहिली. ती हत्यारं कोणाच्या हातात किती मुरली आहेत हे ठरवणारी स्पर्धा कशी उभी करतात, ते आज पाहू. शिल्प निदेशक म्हणून वर्षानुवर्षं शिकवल्यावरही मला वाटत होतं की अवघड काम दुरुस्तीचं. मोडणं काय, कोणीही मोडेल. पण दुरुस्तीची परीक्षा घ्यायची तर आधी मोडतोड बिनचूक करता आली पाहिजे. सगळ्यांच्या पुढ्यात एकच पोचा हवा. तो नसेल तर पुढचं सगळं मार्किंग व्यर्थ.

थोडं या स्पर्धांच्या घराण्याविषयी. तरुण कारागिरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५० साली माद्रिदमध्ये सुरू झाली, त्या वेळी स्पेन आणि पोर्तुगाल या दोनच देशांची मुलं होती. तीच आज वर्ल्डस्किल्स. दर दोन वर्षांनी भरते. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात झाली. बहुतेक कौशल्यांसाठी स्पर्धेच्या वर्षी वय २२ किंवा त्याहून कमी लागतं. बॉडी रिपेअरचा तिथला क्रमांक १३ आणि मोटारीच्या रंगकामाचा ३६. भारताने पहिल्यांदा भाग घेतला २००७ साली, जपानमधल्या शिझुओकात. आपल्याकडची चाळणी म्हणजे इंडियास्किल्स: आधी राज्य, मग देश. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण जिल्ह्याच्या पातळीवर मुलांना घाम गाळायला लावणाऱ्या स्पर्धा कमी. म्हणून आम्ही काही निदेशक आणि गॅरेजमधले मिस्त्री मिळून ती भरवू लागलो.

आता पुन्हा पोच्याकडे.

दुसऱ्या वर्षी आम्ही एक सांगाडा बनवला. गाडीवर फेंडर ज्या बोल्टांवर बसतो, त्याच जागी सांगाड्यावर बोल्ट. फेंडर नुसता टेबलावर ठेवून मारला तर मागून आधार मिळतो आणि पोचा वेगळाच पडतो. गाडीवर तो अधांतरी असतो, कडांवर तोललेला. सांगाड्याच्या वर एक उभा पाइप, पाइपात पाच किलोचं वजन, वजनाचं तोंड घोटून गोल केलेलं. खिळा ओढला की वजन एक मीटरवरून सुटणार. उंची तीच, वजन तेच, जागा तीच, म्हणजे पोचाही तोच. असं आम्ही धरून चाललो.

पहिल्या तीन फेंडरवर पोचे सारखे आले. चौथ्याला खड्ड्याच्या आत आणखी एक छोटा खड्डा. वजन पत्र्यावर आपटून उसळलं होतं आणि जरा सरकून पुन्हा पडलं होतं. मग एकाने दोरी धरायची आणि पहिल्या आघातानंतर वजन वरच्यावर ओढून घ्यायचं, अशी सवय केली. सहाव्या फेंडरवर पोचा उथळ आला. तो फेंडर वेगळ्या लॉटचा निघाला, पत्रा किंचित जाड. तेव्हापासून सगळे फेंडर एकाच लॉटचे घेतो, चार जादा घेतो, आणि प्रत्येक पोच्याची खोली गेज लावून टिपतो. मग चिठ्ठ्या टाकून वाटप. कोणता फेंडर कोणाला जाणार हे ज्याने पोचा पाडला त्यालाही कळत नाही.

हे सगळं झालं की आमच्यातला एक जण तसाच एक फेंडर स्वतः दुरुस्त करतो, घड्याळ लावून. निदेशकाला तीन तास लागत असतील तर विद्यार्थ्याला तीन तास देणं म्हणजे त्याला पाडण्याची तयारीच. आम्ही साधारण दीडपट वेळ देतो.

आता खुद्द दुरुस्ती. फेंडरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. मार जिथे थेट बसला तिथे खड्डा. त्याच्या भोवती पत्रा फुगून वर आलेला असतो, आणि ताण आजूबाजूला पसरलेला असतो. नवशिका खड्ड्याच्या मध्यावर मागून ठोकायला लागतो. जाणता आधी कडेचा फुगवटा बसवतो, कारण पोचा पडताना जे शेवटी घडलं ते आधी उलगडायचं असतं. फुगवट्यावर हातोडी आणि खड्ड्याखाली डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), अशी दोन्ही वेगवेगळ्या जागी धरली तर पत्रा न ताणता वर येतो. हातोडीच्या बरोबर खाली डॉली धरली तर पत्रा दोन लोखंडांमध्ये चेपला जाऊन पातळ होतो, पसरतो. थोडं पसरणं चालतं. जास्त पसरला की त्याला जागा पुरत नाही. अंगठ्याने दाबला की टक् करून आत जातो, सोडला की टक् करून बाहेर. मग गरम करून आक्रसवून घ्यावा लागतो. शेवटी बॉडी फाइल, म्हणजे पत्र्याची कानस, आडवी फिरवायची: उंचवट्यावर चकाकी येते, खळगा काळाच राहतो. फाइल जास्त फिरवली तर पत्रा कागदासारखा होतो, म्हणून आमच्या स्पर्धेत फाइलला हात लावण्याआधी परीक्षकाला दाखवायचं, असा नियम आहे. लांबी, म्हणजे खळगा बुजवायचा लेप, भरायला बंदी. गॅरेजमध्ये लांबी वाईट नाही, पण तिच्याखाली काय दडलंय हे परीक्षकाला दिसत नाही.

तपासणार कोण आणि कसं? वर्ल्डस्किल्समध्ये गुण दोन तऱ्हेचे असतात. एक मोजून द्यायचे: अंतर, फट, वेल्डची संख्या. दुसरे पारखून द्यायचे. पारखण्यासाठी तीन परीक्षक ० ते ३ असा आकडा एकाच वेळी कार्डावर दाखवतात. उद्योगाच्या दर्जाला उतरत नसेल तर ०, उतरत असेल तर १, त्याहून काही बाबतींत सरस असेल तर २, अव्वल असेल तर ३. दोघांच्या आकड्यांत एकाहून जास्त फरक पडला की थांबून बोलायचं आणि पुन्हा कार्ड दाखवायचं. आपल्या देशाच्या मुलाला परीक्षकाने पारखायचं नाही. ही पद्धत आम्ही जशीच्या तशी उचलली, फक्त ‘देश’च्या जागी ‘आपली संस्था’ आली.

पारखण्याचं मर्म मात्र मला एका बुजुर्ग मिस्त्रींनी शिकवलं. आयुष्य गॅरेजमध्ये काढलेला माणूस. पहिल्या तपासणीला मी टॉर्च घेऊन वाकून फेंडर न्याहाळत होतो. ते म्हणाले, “सर, पोचा बघायचा नसतो. हात लावा.” खिशातून जुन्या मलमलीचं फडकं काढलं, फेंडरवर पसरलं, त्यावर पंजा सपाट ठेवला आणि बोटांच्या दिशेने नाही तर मनगटाकडे, अंगाकडे ओढत आणला. डोळे मिटलेले. “इथे,” म्हणाले. मी तिथेच टॉर्च धरला, काही दिसेना. सरळ पट्टी लावली तर खाली पुसट फट निघाली. फडक्यामुळे हात अडत नाही, सरकतो, आणि पत्र्याचा चढउतार तळव्याला नेमका कळतो. त्या वर्षीपासून आमचे तिन्ही परीक्षक आधी हात लावतात, आकडा लिहितात, मग पट्टी आणि टेम्प्लेट, म्हणजे मूळ आकाराचा नमुना. उलट क्रमाने केलं तर पट्टीने दाखवलेलं हाताला आपोआप जाणवू लागतं.

फेंडर हा गाडीचा मुखडा. स्पर्धेचा दुसरा भाग हाडांचा: गाडीच्या सांगाड्याची मोजणी आणि वेल्डिंग. बेंचवर ठेवलेल्या सांगाड्याचे ठरलेले बिंदू कारखान्याच्या मापाशी ताडायचे असतात, फरक साधारण ३ मिलिमीटरच्या आत हवा. इथे मुलांची फार मोठी सवय मोडावी लागते. आपल्या गॅरेजमध्ये वाकलेलं लोखंड म्हटलं की गॅसची ज्योत. साध्या पत्र्याला ते खपून जायचं. आताच्या गाड्यांच्या दोन दारांमधल्या खांबात बहुधा बोरॉनचं पोलाद असतं, जे सुमारे ९०० अंशांवर तापवून साच्यातच झटकन गार करून १५०० मेगापास्कलच्या घरातली ताकद मिळवलेलं असतं. त्यावर ज्योत धरली की ती ताकद गेली. बाहेरून खांब तसाच दिसतो. असा भाग सरळ करायचा नसतो, उत्पादकाने सांगितलेल्या जोडावरून बदलायचा असतो. म्हणून आमच्या कागदावर एक प्रश्न असतो ज्यात हत्यार उचलायचंच नाही: समोरच्या तुकड्याला गॅस लावाल की नाही, आणि का?

मुलं कधी विचारतात, एखादा वेल्ड कमी पडला तर काय बिघडलं. तेव्हा मी त्यांना अमेरिकेतल्या टेक्सासचा खटला सांगतो. गारांनी पोचे पडलेलं छत बदलताना एका गॅरेजने उत्पादकाने सांगितलेल्या स्पॉट वेल्डऐवजी चिकटद्रव्य वापरलं. ती गाडी पुढे दुसऱ्यांनी विकत घेतली. २०१३ मध्ये तिला अपघात झाला, आतलं जोडपं जबर जखमी झालं. २०१७ मध्ये ज्यूरीने त्या गॅरेजच्या वाट्याला ३ कोटी १५ लाख डॉलरची भरपाई टाकली. रंग सुंदर होता, छत बसलेलं दिसत होतं. वर्गात हे सांगितलं की सगळे गप्प होतात.

म्हणून आम्ही वेल्ड दिसण्यावर सोडत नाही, फोडून बघतो. एक मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या स्पॉटने जोडायला लावतो आणि मग छिन्नीने उकलतो. वेल्ड खरा असेल तर जोड सुटत नाही. एका पट्टीतून गोल टिकली फाटून दुसऱ्या पट्टीला चिकटून राहते. या जाडीला टिकलीचा व्यास निदान ४ मिलिमीटर हवा. व्हर्नियर लावायचा, आकडा लिहायचा.

याच चाचणीने एका वर्षी आमची झोप उडवली. सहा बेंच, सहा स्पॉट मशीन, आणि चांगल्या-चांगल्या मुलांचे वेल्ड उकलताना सपशेल सुटत होते. टिकली नावाला नाही. मुलांचे चेहरे बघवत नव्हते. ज्याने वर्षभर सराव केला तो स्वतःलाच दोष देत होता. सुदैवाने आमच्यातल्या एका इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या निदेशकांनी लाइनला मीटर लावला. सहाही मशीन एकदम चालली की व्होल्टेज कोसळत होतं. स्पॉट वेल्डमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट १० टक्के पडला तर उष्णता जवळपास १९ टक्के पडते. चूक मुलांची नव्हती, आमच्या मांडणीची होती. तो भाग आम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा घेतला, दोन-दोन मुलांना पाळीने सोडून. आता वेळापत्रक असंच आखतो: दोघे वेल्डिंगवर, दोघे मोजणीवर, दोघे फेंडरवर, आणि फळ्यावर व्होल्टेज लिहायला एक विद्यार्थी कायम बसलेला.

सुरक्षेचं थोडक्यात, कारण त्यात वाद नाही. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्ड करताना मास्क नसेल, ग्राइंडरवर चष्मा नसेल, तर काम थांबतं. तो वेळ परत मिळत नाही. प्रत्येक बेंचपाशी आग विझवायची बाटली. आणि हत्यारपेटी सकाळीच तपासायची, कारण एखाद्याच्या पेटीतून घरी बनवलेला तयार टेम्प्लेट निघतो आणि ते चुकीचं आहे हे त्या बिचाऱ्या मुलाला माहीतही नसतं.

निकाल लागल्यावर एक तास आम्ही राखून ठेवतो. नंबरच्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या, सगळे फेंडर ओळीने मांडायचे, मलमलीची फडकी ठेवायची आणि मुलांना सोडायचं. जिंकलेला फेंडर कोणता हे त्यांना सांगायचं नाही, हाताने शोधायला लावायचं. याच तासात प्रत्येकाला त्याची मार्कांची शीट आणि उकललेला वेल्डचा तुकडा मिळतो. गेल्या खेपेला एक मुलगी, चौथी आलेली, आपल्या पट्टीवरची टिकली बराच वेळ नखाने खरवडत उभी होती. साडेचार मिलिमीटरची होती, स्वच्छ फाटलेली. तिने ती फडक्यात गुंडाळून दप्तरात टाकली आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, पट्टी दीड मिलिमीटरची असेल तर करंट किती वाढवायचा?”

(पुढच्या आठवड्यात : रंग जुळवताना उजेड कुठून घ्यावा)