उपग्रहाच्या वाचनातील अमोनिया : नांदूरघाट परिसराच्या निमित्ताने

हवेत अमोनिया वायू कोठे किती आहे हे दाखविणारे उपग्रहीय नकाशे २००९ सालापासून प्रसिद्ध होत आहेत. या नकाशांवर सिंधू-गंगेचे मैदान नेहमीच गडद रंगाने भरलेले असते. इतका विस्तृत आणि इतका गडद पट्टा जगात क्वचितच दुसरीकडे आढळतो. मराठवाडा त्या मानाने पुष्कळच फिकट. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट या गावावर बोट ठेवले, तर तेथे अमोनियाचे प्रदूषण जवळजवळ नाहीच असा निष्कर्ष काढण्याचा मोह विद्यार्थ्यांस सहज व्हावा. निष्कर्ष कदाचित खराही असेल. परंतु तो नकाशावरून निघत नाही, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. ‘आढळत नाही’ आणि ‘नाही’ यांतील भेद भाषेच्या अभ्यासकास परिचयाचा असतो. एखादे रूप पोथीत सापडले नाही म्हणून ते लोकांच्या बोलण्यात नव्हते असे आपण म्हणत नाही. पोथी कोणी, कोठे, कशासाठी लिहिली हे आधी पाहतो. उपग्रहाच्या नोंदीसही हाच न्याय लावावयास हवा.

अमोनिया हा शब्द आपल्याकडे नवा असला तरी वस्तू नवी नाही. प्राचीन लिबियातील आमोन देवाच्या देवालयाजवळ मिळणाऱ्या क्षारावरून १७८२ साली बर्गमन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने वायूला हे नाव दिले. तो क्षार म्हणजेच आपला नवसागर. फारसीत नौशादर, हिंदीत नौसादर, संस्कृत रसग्रंथांत नवसार. कोणी कोणाकडून घेतला हा वाद येथे नको. मराठीने मात्र शब्दाच्या अखेरीस ‘सागर’ आणून बसविला. समुद्राशी त्याचा काडीचाही संबंध नाही. लोकव्युत्पत्तीचे हे एक चांगले उदाहरण होय. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागराची पूड टाकून घासतो तेव्हा जो पांढरा धूर उठतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांस पुढील विवेचन अवघड जाऊ नये. उष्णतेने नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू सुटतात. दोन्ही अदृश्य. थोडे वर जाऊन थंड होताच ते पुन्हा एकत्र येतात आणि सूक्ष्म कणांच्या रूपाने दिसू लागतात. अमोनिया आम्लाला भेटला की कण होतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता उपग्रह काय करतो ते पाहू. जमीन सदैव उष्णतेच्या रूपाने अवरक्त किरण बाहेर टाकीत असते. वाटेतील प्रत्येक वायू त्यांतील आपापल्या ठराविक तरंगलांबीचे किरण शोषून घेतो. अमोनियाच्या ठळक रेषा साडेदहा मायक्रॉनच्या आसपास येतात. तेथे वातावरण बरेचसे पारदर्शक असल्याने त्या वाचता येतात. युरोपच्या ‘मेटॉप’ मालिकेतील पहिला उपग्रह २००६ साली सुटला. त्यावरील ‘यासी’ हे उपकरण सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून किरणांचा वर्णपट ८४६१ भागांत विभागून नोंदवीत असे. ब्रुसेल्स येथील संशोधकांनी त्याच नोंदींवरून २००९ साली अमोनियाचा पहिला जागतिक नकाशा सिद्ध केला. पुढे सुमारे नऊ वर्षांच्या दैनंदिन नोंदी एकावर एक रचून, २०१८ साली ५० किलोमीटरांहून कमी व्यासाची २४८ उगमस्थाने त्यांनी दाखविली. त्यांपैकी नैसर्गिक असे एकच निघाले, टांझानियातील नेट्रॉन सरोवर. बाकी सारी शेती, पशुपालन आणि कारखाने यांची. यांतील दोन-तृतीयांश स्थानांच्या बाबतीत कागदोपत्री धरलेले उत्सर्जन प्रत्यक्षाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होते. तेव्हा उपग्रहाच्या वाचनाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही, हे उघड आहे.

तथापि या वाचनाला एक अट आहे. हवेतील अमोनिया किरण शोषतो तसा आपल्या तापमानानुसार किरण सोडतोही. जमीन आणि तिच्या लगतची हवा यांचे तापमान सारखे असेल, तर जेवढे शोषले तेवढेच सोडले जाते व रेषा उमटतच नाही. ज्या रंगाचा कागद त्याच रंगाची शाई, असा हा प्रकार आहे. मजकूर असतो, पण वाचता येत नाही. ‘मेटॉप’ एखाद्या स्थळावरून जातो तो स्थानिक वेळेने सकाळी व रात्री साडेनऊच्या सुमारास. थंडीच्या दिवसांत त्या वेळी जमीन व हवा यांच्या तापमानांतील अंतर बेताचे असते. मे महिन्यात उघडी काळी जमीन तोवर चांगलीच तापलेली असते. शिवाय अवरक्त किरणांना ढगांच्या पलीकडचे दिसत नाही.

नांदूरघाटच्या शेतीचे वर्ष या अटींशेजारी मांडून पाहावे. या भागात कापूस, सोयाबीन, तूर ही खरिपाची आणि ज्वारी, गहू, हरभरा ही रब्बीची मुख्य पिके. सोयाबीन, तूर व हरभरा ही द्विदल पिके असल्याने त्यांस नत्रखत थोडेच लागते. फिकट रंगाचे हे एक खरे कारण असू शकेल. कापसाला मात्र वरखताचा युरिया पावसाची उघडीप पाहून जुलै-ऑगस्टमध्ये फोकून देतात. जमिनीतील विकर त्याचे विघटन करते व अमोनिया तयार होतो. काळ्या, चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत त्याला उडून जाण्यास अनुकूलता असते. मात्र याच जमिनीतील चिकणमाती त्याचा काही अंश धरूनही ठेवते. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोंची झाली. तिच्यात ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. त्यातील जे हवेत जाते ते शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेले असते. आणि हे घडते नेमके ढगांच्या महिन्यांत. रब्बीचा हप्ता पडतो तेव्हा आकाश निरभ्र असते, पण तापमानांतील अंतर बेताचे. नजर सर्वांत स्वच्छ असते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि त्या वेळी शेतात खत नसते! उरतात ती जनावरे.

परंतु जनावरांचाही हिशेब सरळ नाही. मॉन्सून सरला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी मोठे स्थलांतर होते. कोयत्यावर जाणारी जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि ज्यांची बैलगाडी असते त्यांचे बैलही त्यांच्याबरोबर जातात. उत्सर्जनाची कोष्टके तयार करताना पशुगणनेतील संख्येला ठराविक गुणकाने गुणण्याची रीत आहे. एकविसाव्या पशुगणनेचा आरंभ ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, म्हणजे गाड्या निघण्याच्या सुमारासच. बैल गावी मोजला गेला की फडावर, हे तालुक्याच्या आकड्यावरून कळत नाही. कोठेही मोजला तरी वर्षाचे काही महिने तो दुसरीकडे असतो, आणि कोष्टकात मात्र बारा महिने एकाच जागी उभा राहतो. स्थलांतर हा विषय समाजशास्त्राचा मानला जातो. वातावरणरसायनाच्या विद्यार्थ्यानेही तो वाचावा असे वाटते.

न दिसण्याचे आणखी एक कारण कल्हईच्या धुराने आपणांस आधीच दाखविले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी अन्य सहकाऱ्यांसमवेत २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २०१० या वर्षासाठी एका गणिती प्रतिमानाची ‘यासी’च्या नोंदींशी व दक्षिण आशियातील ६९ भूस्थानकांवरील मोजमापांशी तुलना आहे. उत्सर्जन जवळजवळ सारखे असूनही पूर्व आशियावरील वायूचा स्तंभ दक्षिण आशियाहून लहान आढळला. पूर्व आशियाच्या हवेत गंधक व नत्र यांची आम्लजनक प्रदूषके अधिक; त्यांना मिळून अमोनिया लवकर कणरूप होतो. वायूचा शोध घेणाऱ्या उपकरणाच्या लेखी तो नाहीसा झाला. फुप्फुसाच्या लेखी तो आता अडीच मायक्रॉनहून लहान कणांच्या रूपाने अधिक हानिकारक ठरला. दिल्लीच्या हिवाळ्यातील कणांत अमोनियम क्लोराइड, म्हणजे प्रत्यक्ष नवसागर, मोठ्या प्रमाणात असतो, असे मद्रास येथील आयआयटीच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्येच दाखविले. तेव्हा गडद रंग म्हणजे अधिक दूषित हवा आणि फिकट रंग म्हणजे शुद्ध हवा, हे समीकरणही जपूनच वापरावे लागते.

पुण्याच्या अभ्यासातील एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. उपग्रहाशी प्रतिमानाचा मेळ सिंधू-गंगेच्या मैदानावर चांगला बसला, पण जमिनीलगतचे अमोनियाचे प्रमाण मात्र प्रतिमानापेक्षा भूस्थानकांवर सर्व ऋतूंत अधिक भरले. ही मोजमापेही सर्वस्वी निःशंक नाहीत, हे लेखकांनी नमूद केले आहे. भारताने २००९ च्या मानकांत अमोनियाचा समावेश करून चोवीस तासांसाठी घनमीटरमागे ४०० आणि वर्षासाठी १०० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठरविली. अनेक देशांत असे मानकच नाही. परंतु मोजणारी स्थानके बहुतांशी शहरांत आहेत आणि युरिया पडतो तो शेतात.

नव्या उपग्रहांनी काही अडचणी सुटतील. अमेरिकेच्या ‘सुओमी’ उपग्रहावर २०११ साली गेलेले ‘क्रिस’ हे उपकरण दुपारी दीडच्या सुमारास पाहते. त्या वेळी जमीन अधिक तापलेली असते. जुलै २०२५ मध्ये युरोपने भूस्थिर कक्षेसाठी सोडलेले उपकरण दिवसभर एकाच भूभागाकडे पाहत राहील. पण ते आफ्रिका-युरोपच्या दिशेने रोखलेले आहे आणि मराठवाडा त्याच्या क्षितिजाच्या अगदी काठाशी येतो. ढगांचा पडदा मात्र या सर्वांसमोर सारखाच आहे. त्याखालचे वाचावयाचे तर उपाय जुना आणि स्वस्त आहे: सायट्रिक आम्लात भिजवून वाळविलेला गाळणकागद लहानशा नळीत बसवून, शेताच्या बांधावर खांबाला टांगावयाचा, दोन ते चार आठवड्यांनी उतरवून प्रयोगशाळेत त्यावरील अमोनिया मोजावयाचा. नांदूरघाटला असे दहा-बारा खांब कापसाला वरखत देण्यापूर्वी उभे करावेत, आणि ऊसतोडणीच्या गाड्या परत येईपर्यंत ते काढू नयेत.